अकराच पुरेत

महोदय,

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ‘बिग ईस्ट’ या संघांच्या गटाने आणखी संघ घ्यावेत, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. माझ्या मते नकोत. आज अकरा संघ आहेत. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्यांच्या दारी, असे २० सामने. बारावा आला की एक तर २२ खेळा, नाहीतर कुणाची तरी फेरी कापा. एसीसी म्हणजे ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या दुसऱ्या गटाने २०२४मध्ये स्टॅनफर्डला घेतलं. नाव अटलांटिकचं, संघ पॅसिफिककाठचा! तो मामला अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही-पैशाचा, आणि बिग ईस्ट फुटबॉल खेळवतच नाही. आमच्या नेवार्कला इथल्या सीटन हॉल संघाविरुद्ध कनेटिकट असलं की दोन्हीकडे निळाच रंग, टोपीवरचं चिन्ह बघून माणूस ओळखायचा. ही गाठ इथे वर्षाआड झालेली मला चालणार नाही.

– एक वाचक, न्यू जर्सी