पऱ्हाटीवर घड्याळ टांगण्याआधी

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राचा कच्चा आराखडा फोनवर पाहिला. वावरात कापसाची पऱ्हाटी, पऱ्हाटीवर वितळून लोंबणारं घड्याळ, वर ढगांनी भरलेला डोळा, शिवाय एक उलटा बैल. चित्राला आणि निबंधाला विषय मिळाला ‘अतिवास्तववाद आणि आजचा चित्रकार’, आणि तू स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं घड्याळ उचलून थेट आपल्या वावरात टांगलंस. हे नको करू माय. घड्याळ दालीचं, डोळा बेल्जियन चित्रकार रेने माग्रितचा. तुझं म्हणावं असं त्यात फक्त वावर आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात घाईत उरकलंस.

दालीचं ते घड्याळांचं चित्र, ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’, 1931 चं. पोस्टरवर ते भिंतीएवढं वाटतं, पण मूळ चित्र आहे 24 बाय 33 सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं. मागे जो खडकाळ कडा दिसतो तो त्याच्या घराकडचा, स्पेनमधल्या काताल्युन्याच्या किनाऱ्यावरचा. तो त्याने जसाच्या तसा काढला. उजेड कुठून येतो, कड्याची धार कशी चमकते, समुद्राची रेघ कुठे येते, यात कुठेच लबाडी नाही. बाकी सगळं इतकं खरं आहे म्हणून घड्याळ मऊ पडलेलं पटतं. तुझ्या पऱ्हाटीला मात्र बोंडं आहेत तशी पानंही हिरवीगार आहेत. नोव्हेंबरातल्या पऱ्हाटीची पानं लाल्या रोगाने कडेकडून तांबडी पडतात, फुटलेल्या बोंडाची टरफलं चार-पाच टोकांत उघडतात, ती टोकं वाळून वेचणाऱ्या बाईची बोटं सोलतात. ते टरफल आधी दहा बाजूंनी काढ. चित्रातला विचित्रपणा त्यातूनच निघेल, घड्याळाची गरजसुद्धा लागणार नाही.

इतिहास थोडक्यात लिही. पहिल्या महायुद्धात फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात काम केलं, सुप्त मनाबद्दलचे फ्रॉइडचे विचार त्याच्यापर्यंत पोचले, आणि 1924 साली पॅरिसमध्ये त्याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. (त्याच वर्षी आपले चित्रकार गायतोंडे नागपुरात जन्मले. योगायोग छान आहे, पण निबंधात घालू नको, त्यांची वाट निराळी.) मनाने अडवायच्या आत जे येईल ते कागदावर उतरवायचं, ही मूळ कल्पना. कवीला ते जमतं, लेखणी भराभर धावते. चित्रकाराची पंचाईत होते. रंग कालवा, थर वाळू द्या, पुन्हा लावा, तेवढ्यात मन दहा वेळा मध्ये पडतं. मग मनाला चकवायच्या युक्त्या चित्रकारांनी शोधल्या. आजच्या चित्रकारांनी घेतलं ते हे. घड्याळं जाहिरातवाल्यांनी घेतली.

पहिली युक्ती जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टची, 1925 ची. लाकडी फरशीवर कागद ठेवून त्याने शिसाने घासलं, रेषा उमटल्या, त्यात त्याला जंगलं, पाखरं, समुद्र दिसले. त्यातल्या 34 चित्रांचा संच पुढच्या वर्षी छापला. याला फ्रोताज म्हणतात. तुला नागपुरातून गावी आल्यावर यासाठी काही विकत घ्यावं लागणार नाही.

कागद पातळ हवा. 70-75 जीएसएमचा झेरॉक्सचा कागद चालतो, बटर पेपर त्याहून बरा. ड्रॉइंग शीट जाड असते, खालचा उठाव तिच्यातून वर येत नाही. पेन्सिल 6बी, टोकाने नाही, आडवी धरून. टोकाने घासलंस तर रेघोट्या पडतात आणि कागद फाटतो. पहिला हात अगदी हलका, सगळा एकाच दिशेने. दुसऱ्या हाताला किंचित जोर. तिसरा फक्त जिथे आकार दिसू लागला तिथे. सुरुवातीलाच दाबलं की कागद खळग्यात बसतो, शिसं तिथेही लागतं आणि सगळं सारखं राखाडी होऊन जातं. नवशिक्यांचं काम नव्वद टक्के इथेच बिघडतं. दुसरी चूक कागद सरकण्याची, मग प्रत्येक शिरेला जुळी रेघ येते. सपाट जागी चारही कोपरे चिकटपट्टीने बसव, झाडाच्या बुंध्यावर कागद सुतळीने वर-खाली दोन ठिकाणी बांध.

घासायला काय घ्यायचं? ऐनाच्या झाडाची साल पहिली. मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात, तीन मिनिटांत असा कागद होतो की पाहणारा विचारतो हे कोणतं जनावर. साल सोलून आणू नको, झाडावरच काम कर, आणि पावसानंतर निदान दोन दिवस थांब. ओल्या सालीवर कागद फुगतो. सागाचं पान घेतलंस तर ताजं घे आणि पाठ वर ठेव, शिरा मागच्या बाजूला उठलेल्या असतात. पळसाचंही तसंच. तेंदूचं वाळलेलं पान टाळ, पेन्सिलीखाली त्याचा चुरा होतो. बैलबंडीच्या जुन्या फळ्या, बांबूची तट्टी, सुपाची वीण, चाळणी, छपरावरच्या कवेलूची पाठ, सगळं घासून पाहा.

मग थांब. हे लोक विसरतात. घासलेला कागद म्हणजे चित्र नव्हे. कागद भिंतीला लावून दोन पावलं मागे हो, चारही बाजूंनी फिरवून पाहा. काही दिसलं की त्याच्याभोवतीचं खोडरबराने पुस, नवीन रेघ शक्यतो ओढू नको. अर्न्स्टही निव्वळ दैवावर सोडत नव्हता. तो कागद हलवायचा, एकाच पानावर दोन-तीन वस्तू घासायचा, पानाचं झाड करायचा आणि त्याखाली क्षितिजाची रेघ द्यायचा. दैवाने दिलेलं निवडायचं कसं, ही त्याची खरी कारागिरी. शेवटी फिक्सेटिव्ह, म्हणजे शिसं पुसू नये म्हणून मारायचा फवारा, 30 सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात. जवळून मारलंस तर थेंब पडून डाग राहतात.

हेच तैलरंगात केलं की ग्राताज. कॅनव्हास चौकटीवर ताणलेला नको, सुटा हवा. खालचा थर वाळलेला, वरचा ओला. कॅनव्हासखाली दोर किंवा जाळी ठेवून पॅलेट नाइफने वरचा रंग खरवडायचा. वस्तूवर कॅनव्हास उचलला जातो, सुरी तिथलाच रंग नेते. खालचा थर अर्धा ओला असला तर दोन्ही थर निघून पांढरं कापड दिसतं. ॲक्रेलिक वापरणार असशील तर भल्या सकाळी कर, आपल्याकडच्या उन्हात वरचा थर सुरी उचलेपर्यंत वाळून बसतो.

ऑस्कर दोमिन्गेझ या स्पॅनिश चित्रकाराने 1936 च्या सुमारास डेकाल्कोमानिया आणलं. चकचकीत कागदावर गुवाश (अपारदर्शक जलरंग) पसरायचा, वर दुसरा कागद ठेवून तळव्याने दाबायचा आणि एका कोपऱ्यापासून हळू उचलायचा. प्रवाळासारखे, झाडोऱ्यासारखे फाटे उमटतात. कागद सुटताना हवा घट्ट रंगात घुसते, जिथे थोडी पुढे सरकते तिथूनच आणखी पुढे जाते, म्हणून फाटे. रंग पातळ असला तर नुसतं डबकं होतं, फार घट्ट असला तर कागद चिकटून सोलला जातो. कागदही चकचकीतच हवा, साधा कागद रंग पिऊन टाकतो. जुन्या कॅलेंडरची छापील बाजू उत्तम. अर्न्स्टने हीच रीत तैलरंगात नेऊन ‘युरोप आफ्टर द रेन’ (या नावाचं दुसरं चित्र, 1940-42) केलं. ते आधी पाहा, मग करून पाहा.

मेरेट ओपेनहाइम या कलावतीने 1936 साली युक्ती आणखी सोपी केली. कप, बशी, चमचा, तिन्हींवर हरणाची लव चढवली, बस. तीन गोष्टींत एकच बदल. माग्रितचंही तेच, बाकी सगळं कोरडं, दुकानाच्या पाटीसारखं रंगवलेलं. तुझ्या चित्रात घड्याळ, डोळा आणि उलटा बैल असे तीन बदल आहेत. तिघे एकमेकांना मारतात.

आजच्यांत ही एकच-बदलाची रीत शोध, निबंधाचा गाभा तोच कर. मोना हातूम या शिल्पकार बाईने 2002 मध्ये किसणी माणसापेक्षा उंच केली आणि पडद्यासारखी उभी केली. वस्तू तीच, माप बदललं, आणि घरातलं हत्यार धमकी देऊ लागलं. भारती खेर यांनी 2006 मध्ये बसलेला पूर्ण आकाराचा हत्ती केला आणि त्याच्या अंगभर टिकल्या चिकटवल्या. सुबोध गुप्ता यांनी त्याच वर्षी स्टीलच्या भांड्यांची कवटी केली. यातल्या कुणावरही ‘अतिवास्तववादी’ असा शिक्का मारू नको, ते खोटं ठरेल. कुठली रीत उचलली तेवढं दाखव. आपल्या मराठीत चित्रकार प्रभाकर बरवे वाच, ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचंच पुस्तक. साधी वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवली की तिचं काय होतं, हे त्यांच्या एनॅमल रंगांतल्या कॅनव्हासवर दिसतं. त्यांनाही त्या खणात कोंबू नको.

बायकांना एक पूर्ण परिच्छेद दे. लिओनोरा कॅरिंग्टन, रेमेदिओस वारो या अतिवास्तववादी चित्रकार मेक्सिकोत बसून आयुष्यभर काम करत राहिल्या, आणि पुस्तकं दाली-माग्रितवरच निघत गेली. 2022 च्या व्हेनिस बिनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाने आपलं नाव कॅरिंग्टनच्या पुस्तकावरून घेतलं, ‘द मिल्क ऑफ ड्रीम्स’. आजच्या तरुण चित्रकारांवर या दोघींचाच प्रभाव मला जास्त दिसतो.

मोबाईलवर चार शब्द टाकले की घड्याळाचा बैल आता कुणीही काढतो. परीक्षक तसली चित्रं रोज पाहतात. ऐनाच्या सालीचा कागद मात्र त्यांनी पाहिला नसेल.

तेव्हा असं कर. घासलेले कागद निदान वीस जमव, त्यातले चार निवड. वस्तूचं नाव आणि गाव प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिही, बॉलपेनने नको, शाई पुढे फुटते. कागदांमध्ये बटर पेपर घाल, नाहीतर शिसं एकमेकांवर उतरेल. फिक्सेटिव्ह संपलं असेल तर नागपुरात सीताबर्डीवर घेऊन ठेव, आपल्याकडे मिळत नाही. मोठी चित्रं करायची तर बुंध्याभोवती गुंडाळायला रोलचा कागद आण, ए-थ्री पुरत नाही.

तुझी,
आई