निवेदनाचा फोटो निघतो, पोच मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटक विधिमंडळाचे बेळगावातले हिवाळी अधिवेशन संपत आले की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर ठरलेले फोटो येतात. मध्ये मंत्री, त्यांच्या हातात कागद, कागदाचे दुसरे टोक आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात आणि दोघांचीही नजर कॅमेऱ्याकडे. काही वर्षांपूर्वी अशा एका फोटोत मीही होतो. डावीकडून चौथा, अर्धा चेहरा एका पुढाऱ्याच्या फेट्यामागे गेलेला. त्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठी हे पत्र.

विषय बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचा होता. शहापूर, वडगाव, हलगा, बस्तवाड या शिवारांत ज्यांची जमीन आहे त्यांना नाला समजावून सांगायला नको. जुलैत पाणी चढते, चार-आठ दिवस हलत नाही, लावलेले रोप कुजते आणि पुन्हा तरू, म्हणजे लावणीची रोपे, शोधत फिरावे लागते. नाल्यात गाळ, गाळावर जलपर्णी, त्यात शहराचे सांडपाणी. ज्या बांधावर उभे राहून आम्ही हे बघतो, त्याच बांधावरून सुवर्ण विधानसौधचा, म्हणजे अधिवेशन भरते त्या इमारतीचा, पांढरा घुमट दिसतो. २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले तेव्हा वाटले होते, आता सरकारच आपल्या शिवारात राहायला आले, नाला त्यांना खिडकीतून दिसेल.

निवेदन मी मराठीत लिहिले. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेतही मिळावीत, हे केंद्राचे जुने धोरण आहे आणि ती मागणी मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण नाल्याचा कागद वाचला जावा म्हणून कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्याकडे बसून तो कन्नडमध्ये करून घेतला. सहा प्रती काढल्या. बस्तवाडजवळ आंदोलकांसाठी मंडप घातलेले असतात, तिथे सकाळी दहाला पोहोचलो. पोलिसांनी नावे लिहून घेतली. शेजारच्या मंडपात अंगणवाडी सेविका, पलीकडे ऊस उत्पादक, त्यापलीकडे बिनपगारी शिक्षक, आणि प्रत्येक मंडपाचा लाऊडस्पीकर दुसऱ्याच्या मंडपाकडे तोंड करून. मंत्री आले ते उन्हे कलल्यावर. पाच मिनिटांत त्यांनी सगळ्या मंडपांची निवेदने घेतली आणि सोबतच्या माणसाने ती एका रेक्झिनच्या पिशवीत घातली. मी पोच मागितली. ‘आय्तु, नोडोणा,’ म्हणजे ‘झालं, बघू या’, असे उत्तर मिळाले. याचा खरा अर्थ बेळगावच्या वाचकांना सांगायला नको.

चार महिन्यांनी संबंधित खात्यात चौकशीला गेलो. टेबलावरच्या माणसाने सभ्यपणे विचारले, ‘आवक क्रमांक काय?’ क्रमांक नव्हता, म्हणजे कागदही नव्हता. आमच्याकडे फक्त फोटो होता.

माझे एक कन्नड स्नेही सरकारी नोकरीत बरीच वर्षे बेंगळूरला होते, आता निवृत्त आहेत. त्यांना हे सांगितले तर हसले आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही लग्नाच्या मांडवात मुलगी बघायला गेलात.’ मग त्यांनी मला बसवून शिकवले. उतारवयात विद्यार्थी होण्याची लाज वाटली नाही.

अधिवेशनातला प्रश्न अधिवेशनात सुचत नसतो. आमदाराला तो सभागृह भरण्याच्या काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो. तारांकित असेल तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असेल तर छापील उत्तर येते. आपण तारांकितामागे धावतो, कारण त्याची बातमी होते. पण स्नेह्यांचे म्हणणे, छापील उत्तर जपून ठेवण्यासारखे. ‘नाल्यातील गाळ काढण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढे एक वाक्य जरी मंत्र्याच्या नावाने छापून आले, तर पुढच्या वर्षी त्याच वाक्याला धरून विचारता येते. शिवाय लक्षवेधी सूचना आहे, दोन्ही सभागृहांची याचिका समिती आहे. आणि पैशाचा प्रश्न असेल तर राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे डिसेंबरात हातात कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक हवे, नुसती ‘त्वरित लक्ष घालावे’ ही ओळ उपयोगाची नाही. आमच्या निवेदनात नाला किती किलोमीटर, गाळ कुठे ते कुठे, खर्च किती, कोणते खाते, यातले काही नव्हते. मात्र ‘त्वरित’ हा शब्द तीनदा होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकटा शेतकरी किंवा दहा जणांचे शिष्टमंडळ हे सगळे करू शकत नाही. शहराच्या वतीने बोलण्यासाठी शहराची महापालिका असते, गावाची पंचायत असते, निपाणी-खानापूरची आपापली नगरपालिका, नगरपंचायत असते. या संस्थांना राज्याच्या विधिमंडळात स्वतःचा दरवाजा आहे, हे किती नगरसेवकांना आठवते? कर्नाटक विधान परिषदेच्या ७५ जागांपैकी २५ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांमधून निवडल्या जातात. त्यातल्या दोन आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या. मतदार कोण, तर ग्रामपंचायतीचे पंच, नगरसेवक असे आपलेच लोक. सामान्य मतदाराला त्यात मत नाही. म्हणजे हे दोन आमदार कायद्यानेच गावांचे आणि शहरांचे वकील आहेत. २०२१ च्या डिसेंबरात ही निवडणूक झाली तेव्हा गावोगाव पंचांचा भाव किती चढला होता याची चर्चा चहाच्या टपरीवर मीही ऐकली. मत दिल्यानंतर त्या वकिलाकडे आपल्या पंचायतीचा ठराव घेऊन गेलेला पंच मात्र मला अजून भेटलेला नाही. असेल कुणी तर त्याने आपल्या दैनिकात लिहावे, मी पेढे घेऊन जाईन.

महापालिकेचे तर वेगळेच. ६ सप्टेंबर २०२१ रोजी ५८ प्रभागांचा निकाल लागला आणि महापौर निवडला गेला तो ६ फेब्रुवारी २०२३ रोजी. सतरा महिने. या सतरा महिन्यांत बेळगावात दोन हिवाळी अधिवेशने झाली, २०२१ चे आणि २०२२ चे. सगळे मंत्रिमंडळ शहरात होते आणि शहराच्या वतीने त्यांना भेटायला महापौर नव्हता. महापौरपदाच्या आरक्षणाचा घोळ सरकारचा होता हे खरे, पण आपण तरी कुठे आरडाओरडा केला? आता महापौर आहेत, तर मुदत एकच वर्षाची. खाती कोणती, सचिव कोण, फाईल कुठे अडते हे समजेपर्यंत वर्ष संपते आणि नव्या महापौरांचे सत्कार सुरू होतात. आमदार-खासदारही महापालिकेच्या सभागृहाचे सदस्य असतात. महापौर निवडीच्या दिवशी ते आवर्जून येतात. नाल्यावर चर्चा असते त्या दिवशीही त्यांना आग्रहाचे बोलावणे जावे, एवढेच म्हणतो.

इथे मराठी माणसाची एक अडचण आहे आणि ती झाकून पत्र लिहिणे मला जमणार नाही. २००५ साली महापालिकेच्या सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळे फासले गेले आणि सभागृह बरखास्त झाले. तेव्हापासून सौधकडे जाणे म्हणजे हार मानणे, असे आमच्यापैकी अनेकांना वाटते. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, परवानगीचा वाद, नेत्यांची धरपकड, हे आता पंचांगात छापावे इतके ठरलेले आहे. मी स्वतः मेळाव्याला गेलो आहे, पुढेही जाईन. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण माझे रोप जुलैत कुजते. पहिल्या दिवशी मेळावा आणि तिसऱ्या दिवशी अंदाजपत्रकासह निवेदन, यात मला विसंगती दिसत नाही. कर आपण याच राज्याला भरतो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळी समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, म्हणून आपले प्रश्न विचारायला कुणी नाही, असेही मी ऐकतो. आपल्या मतांवर निवडून आलेले इतर पक्षांचे आमदार आहेत की. त्यांना प्रश्न लिहून नेऊन द्या, कन्नडमध्ये टाइप करून द्या, वाटल्यास तारांकित की अतारांकित तेही वर लिहून द्या. ‘आमच्याकडे कुणी आलेच नाही’ हे म्हणायची सोय तरी ठेवू नका.

दूर कशाला, हुबळी-धारवाड बघा. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय २००३ साली हुबळीत आले. उच्च न्यायालयाचे फिरते पीठ २००८ साली धारवाडला आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. त्यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला, काम बंद ठेवले. म्हादई नदीच्या पाण्यासाठी तर सगळे पक्ष एका गाडीत बसून दिल्लीला जातात. २०१८ च्या लवादाने कळसा-भांडुरा या नाल्यांतून वळवायला ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. हे पाणी उगवते आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या परिसरात. त्या जंगलाचे काय होणार ही काळजी मला आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय. इथे सांगायचे ते इतकेच की मागणी एक ठरली की ते शहर ती सोडत नाही, सरकार कोणाचेही असो.

आणि आपल्या जिल्ह्यात? बेंगळूर सोडले तर सर्वाधिक, विधानसभेच्या १८ जागा आपल्याकडे आहेत. १९९७ साली चिकोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे करण्याचा निर्णय झाला आणि मागेही घेतला गेला. तेव्हापासून चिकोडी वेगळे मोर्चे काढते, गोकाक वेगळे, अथणीने आपली मागणी वेगळी मांडली आहे. बेंगळूरला बसलेल्या माणसाला याहून सोपे काय असणार? प्रत्येकाला ‘बाकीच्यांचे एकमत होऊ द्या’ म्हणायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे. नाल्याचेही तेच आहे. शहापूरचे शेतकरी एक निवेदन देतात, हलग्याचे दुसरे, सांडपाणी प्रकल्पावरून आणखी कोणी तिसरे, आणि मुख्यतः ज्यांच्या गटारांचे पाणी नाल्यात येते ते शहरवासी एकही देत नाहीत.

माझी सूचना एवढीच. येत्या अधिवेशनाआधी, म्हणजे फार तर ऑक्टोबरपर्यंत, नाला ज्या ज्या हद्दीतून जातो त्या सगळ्या पंचायतींनी आणि महापालिकेने एकाच मसुद्याचा ठराव करावा. त्याला अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि तहसीलदार कार्यालयाचे पंचनामे जोडावेत. तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दोन्ही विधान परिषद आमदारांना आणि संबंधित विधानसभा आमदारांना टपालाने, पोचपावतीसह पाठवावा. फोटो काढायचा असेल तर पावतीचा काढावा.

माझ्याकडे तीन वर्षांच्या पंचनाम्यांच्या झेरॉक्स प्रती आणि त्या जुन्या निवेदनाच्या उरलेल्या दोन कन्नड प्रती आहेत. कुणा नगरसेवकाला, पंचाला किंवा आमदारांच्या माणसाला त्या हव्या असतील तर फाईल मी स्वतः आणून देईन. सकाळी मी शिवारात असतो, दुपारी तीननंतर घरीच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव