पेशींना सुट्टी नसते : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरच्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराचं, नेक्सकार१९चं, लोकार्पण झालं. मी एका राज्य विद्यापीठात रोगप्रतिकारशास्त्र शिकवते. त्या दिवशी माझा ऊर भरून आला होता.

पण मला बोलायचंय ते त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल. हा उपचार घडवणारे डॉ. राहुल पुरवार अमेरिकेतून परतून आयआयटीत रुजू झाले २०१३ साली. त्यांच्या चमूने घडवलेल्या पेशी टाटा स्मारक केंद्रात पहिल्या रुग्णाला मिळाल्या जून २०२१ मध्ये. औषध नियंत्रकांची मंजुरी आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत काय होतं? बशीत वाढणाऱ्या पेशी, उंदरांवरचे प्रयोग, आणि ते रोज करणारे पीएचडीचे विद्यार्थी.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालायचा, त्या वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. मग त्या सीडी१९ ही खूण असलेल्या कर्करोगाच्या पेशी हुडकून मारतात. सांगायला दोन ओळी पुरतात, हातात बसायला वर्षं जातात. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे ३०-४० लाखांच्या घरात आला, तो ही विद्या इथल्या हातांत बसली म्हणून. ही रक्कमही सामान्य घराला झेपणारी नाही, हे मला ठाऊक आहे.

टाटाच्याच डॉक्टरांचं दुसरं एक काम मला याहून जवळचं वाटतं. आपल्याकडे तंबाखूने तोंडाचा कर्करोग किती घरांत नेऊन ठेवलाय, ते वेगळं सांगायला नको. निव्होलुमॅब हे औषध टी-पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सैल करतं. (हा पीडी-१ जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडला १९९२ मध्ये आणि त्यांना नोबेल मिळालं २०१८ मध्ये. इतका वेळ लागतो.) निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. टाटाच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत तोंडी केमोथेरपीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅमची जोड देऊन पाहिली. ज्यांना ही जोड मिळाली नाही, त्यांच्यातले वर्षभरानंतर १६ टक्के हयात होते. मिळाली त्यांच्यातले ४३ टक्के. इतक्या कमी औषधात भागेल का, हा प्रश्न रुग्णाची ऐपत जवळून पाहिलेल्यालाच पडतो. म्हणून संशोधक इथेच घडायला हवेत.

आता माझ्या विद्यार्थिनीचं सांगते. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ही घरातली पहिली पदवीधर. तोंडाच्या कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी थकतात का, हा तिचा विषय. पेशी ३७ अंशांवर वाढतात, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पोषक द्रव्य बदलावं लागतं. दिवाळीच्या पाडव्यालाही ती पहाटे येऊन ते बदलून गेली होती. तिची फेलोशिप नऊ महिने रखडली. कधी प्रमाणपत्र अपुरं, कधी निधी आलेला नाही. खोलीचं भाडं थकलं. चौथ्या वर्षी तिने एका कंपनीत औषध-चाचण्यांची कागदपत्रं तपासण्याची नोकरी धरली. तिला 'थांब' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

फेलोशिप पगारासारखी ठरल्या तारखेला खात्यात जमा व्हावी, आणि कागदांत त्रुटी असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पैसे अडू नयेत. रसायनांचा खर्च मार्चअखेरीस न देता वर्षाच्या सुरुवातीला द्यावा. पेशी वाढवायला लागणाऱ्या सीरमची बाटली मागवल्यावर यायलाच कित्येक आठवडे लागतात. आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा. सहा तासिका घेऊन प्रयोगशाळेत शिरणारा तासिका तत्त्वावरचा शिक्षक कुणाला मार्गदर्शन करणार?

तिने गोठवून ठेवलेल्या पेशी अजून आमच्या टाकीत आहेत, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. नायट्रोजन उडून जातो, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. गेले पाच महिने ते पैसे विभागातले आम्ही तिघे वर्गणी काढून भरतो आहोत.

आपली,
रोगप्रतिकारशास्त्राची एक प्राध्यापिका