निवड विषयाची की गुणांची?

महोदय,

पर्यायी विषय निवडताना विद्यार्थी एकमेकांना आधी विचारतात ते ‘शिकवते कोण आणि गुण कसे मिळतात’. यात वावगे काही नाही, कारण लेखी परीक्षेला किती भारांश, प्रकल्पाला किती, आणि गटप्रकल्पात कामचुकार सोबत्याचे गुण कसे ठरणार, हे विषयाच्या माहितीपत्रकात बहुधा मोघमच असते. मात्र अध्यापकांना विद्यार्थ्यांनी दिलेली मानांकने आणि प्रत्यक्ष शिकणे यांत लक्षणीय संबंध आढळत नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात दिसले होते. (सढळ हाताने गुण देणारे लोकप्रिय होतात, हे सांगायला संशोधन कशाला हवे!) म्हणून विद्यापीठांनी मूल्यमापनाचे निकष व मागील प्रश्नपत्रिका नोंदणीपूर्वीच जाहीर कराव्यात आणि पहिले दोन आठवडे विषय बदलण्याची मुभा द्यावी.

– एक विद्यार्थिनी