साप पाळायचा सल्ला रत्नागिरीत छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पहिला साप कोणता पाळावा यावर अर्धे पान लेख छापलात. वाचून एक दिवस गप्प बसलो. आज राहवेना म्हणून लिहितो.

लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, यात वाद नाही. परदेशी कॉर्न स्नेक स्वभावाने गरीब, तसाच परदेशी बॉल पायथन घाबरला की वेटोळे करून डोके आत लपवतो, हे सगळे खरे. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, मध्ये ऊब आपोआप कमी-जास्त करणारा विजेवरचा थर्मोस्टॅट, आणि कॉर्न स्नेकसाठी आर्द्रता 40 ते 50 टक्के ‘राखावी’. राखावी! आषाढात आमच्या कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, मिठाला बरणीत पाणी सुटते. हवा जरा कोरडी व्हायला गणपती येऊन जावे लागतात. रानातल्या सापाला ओल नकोशी झाली तर तो सरपटत कोरड्या जागी जातो. पेटीतल्याने कुठे जावे? अंथरूण सतत ओले राहिले की पोटाखालचे खवले कुजतात, छाती भरते, मग बिचारा तोंड उघडे टाकून श्वास घेत बसतो. आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या आणि फार तर कुत्री येतात. तिथे पिशवीतून पायथन काढला तर डॉक्टरच टेबलावर चढायचे. थर्मोस्टॅटचे तर बोलूच नका, एक फांदी तारेवर पडली की आमच्या वाडीतली वीज कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही.

खाद्य म्हणून ‘गोठवलेले उंदीर फ्रीजरमध्ये साठवावेत, देताना कोमट पाण्यात वितळवावेत’ असे लिहिले आहे. आमच्या फ्रीजमधून श्रावणात सुरमईची पिशवीसुद्धा हद्दपार होते, तिथे उंदीर ठेवायची परवानगी कोणाच्या आईकडून मिळवायची, तेही लेखकाने सांगायला हवे होते. बरे, बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. नववी-दहावीतल्या पोराने हौसेने आणला तर पोरगा शिकून मुंबईला नोकरीला जाणार आणि मागे उंदीर वितळवत बसणार त्याची म्हातारी. याचा विचार लेखात एका ओळीनेही नाही.

पण माझा खरा राग लेखासोबतच्या फोटोवर आहे. तपकिरी ठिपक्यांचे गुबगुबीत पिल्लू, खाली नाव नाही, गाव नाही, वर मथळ्यात ‘शांत आणि शिकाऊंसाठी उत्तम’. असाच एक फोटो मोबाइलवर बघून माझा भाचा दोन वर्षांपूर्वी, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी घेऊन आमच्या पडवीत आला. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली. “मामा, अजगराचं पिल्लू! गडग्याखाली मिळालं.” स्वारीचा चेहरा असा की जणू दहावीचा निकालच हातात आहे.

मी बरणी उजेडात धरली. वीतभर साप, अंगाच्या मानाने जाड, आणि पाठीवर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, प्रत्येक ठिपक्याला काळी कड. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे असतात, एकासारखा दुसरा नसतो. इथे सगळे ओळीत. एवढेसे पिल्लू, पण फुत्कार खळ्यापर्यंत ऐकू जाईल असा. बघता बघता ते बरणीवर आतून आदळले आणि प्लॅस्टिकवरून दोन बारीक ओघळ खाली आले. ते विष होते. अजगर कसला, ते घोणशीचे पिल्लू होते. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, एका वेळी वीस-तीससुद्धा, आणि त्यातले प्रत्येक जन्मल्या दिवसापासून चावायला तयार असते. हे पोरगे सकाळभर ती बरणी मांडीवर घेऊन बसले होते आणि मध्ये झाकण उघडून त्याला बेडकी देऊन झाली होती!

सर्पमित्र आला, पिल्लू घेऊन गेला. भाचा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. चालेल. घोणस चावली तर रक्त गोठायचे थांबते, मूत्रपिंडे निकामी होतात, लस मिळूनही डायलिसिसची पाळी येते. ते बघण्यापेक्षा भाच्याचा रुसवा परवडला.

तेव्हा सांगायचे एवढेच की, तुमचे हे साप मुंबई-पुण्यातल्या ज्याच्या खिशाला परवडतील तो विकत घेईल. इकडे पोराला पैसे नकोत. गडगा आहे, गवताची उडवी आहे, लाकडांची रास आहे. फोटोशी जुळेल ते तो उचलणार. आणि कायद्याला तुम्ही शेवटी ‘स्थानिक नियम तपासावेत’ एवढ्यावर वाटेला लावलेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अजगर असो, धामण असो की घोणस, घरात ठेवणे गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथनचीसुद्धा 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी लागते. हे दोन वाक्यांचे काम होते. त्याच पानावर खाली कुकरची जाहिरात मात्र ऐसपैस बसली आहे.

जाता जाता एक जुनी तक्रार. गेल्या नागपंचमीला तुम्ही मण्यार म्हणून छापलेला साप कवड्या होता. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे याच्या उलट, डोक्यामागे बरेच अंतर पट्टे बहुधा नसतात आणि शेपटीकडे जोडीजोडीने ठळक होतात. अशा गल्लतीमुळेच बिनविषारी कवड्या ठिकठिकाणी काठीखाली मरतो. तेव्हाही पत्र पाठवले होते. ते छापले नाही, दुरुस्तीही नाही. त्या दिवशी पाककृतीत साखरेचे प्रमाण चुकले होते, त्याचा खुलासा मात्र दुसऱ्याच दिवशी चौकटीत!

या वेळी घोणशीचा आणि अजगराच्या पिल्लाचा फोटो शेजारी शेजारी, नावांसकट, पुढच्या रविवारी छापा. खाली वन विभागाचा 1926 हा क्रमांक द्या. जागा नसेल तर माझे पत्र कापा, फ्रीजचा परिच्छेद गेला तरी चालेल, बरणीचा ठेवा.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार,
देवरूख, जि. रत्नागिरी