गाव पाहावे ते त्याच्या सड्यासकट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधील मध्ययुगीन गावांवर आलेला लेख आवडीने वाचला. पॅरिसच्या पलीकडचा फ्रान्स मराठी वाचकांपुढे येतो आहे, याचा मनापासून आनंद झाला. मात्र सँ-सीर-लापोपी या गावासाठी ‘दोन तास पुरेसे आहेत’ हा त्यातील सल्ला मला मान्य नाही. नोकरीनिमित्त तुलूजला राहणाऱ्या मुलीकडे गेलो असताना गेल्या सप्टेंबरात मी या गावात आणि भोवतालच्या मुलखात चार दिवस पायी हिंडलो. त्या चार दिवसांत लक्षात आले ते एवढेच की, हे गाव ज्या नदीमुळे आणि ज्या सड्यामुळे, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारामुळे, उभे राहिले, ते पाहिल्याखेरीज गाव कळत नाही.

हे गाव दक्षिण फ्रान्समध्ये काओर शहराच्या पूर्वेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, लोत नदीच्या पात्रापासून जवळजवळ 100 मीटर उंच अशा चुनखडीच्या कड्यावर वसलेले आहे. वस्ती दोनशेच्या आसपास. तेराव्या ते सोळाव्या शतकातली दगडी व लाकडी सांगाड्याची घरे, त्यांवरची तपकिरी कौलांची तीव्र उतरती छपरे आणि तळमजल्यावर कमानी असलेल्या दुकानांच्या ओळी आजही शाबूत आहेत. बाहेरच्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळावरच थांबतात. 2012 साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच प्रेक्षकांनी याला देशातील सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले आणि तेव्हापासून उन्हाळ्यात येथे अतोनात गर्दी होते. ही माहिती आपल्या लेखात बहुतांशी आलेली आहे, म्हणून ती येथे वाढवत नाही.

लेखात जे राहून गेले ते तेथील गल्ल्यांच्या नावांत सापडते. एक गल्ली कातडी कमावणाऱ्यांची, एक तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. आणि या गावाची खरी ख्याती होती ती कातारी लोकांची, म्हणजे लाकूड कातून वस्तू घडवणाऱ्यांची. माझे बालपण सावंतवाडीत, चितार आळीच्या शेजारी गेले. लाकडी फळे आणि खेळणी कातताना उडणारा भुसा आणि लाखेचा वास माझ्या अंगात मुरलेला आहे, त्यामुळे कातारी लोकांच्या गल्लीपाशी माझे पाय आपोआप थांबले. येथले कातारी मुख्यतः दारूच्या पिंपांना लावायचे लाकडी नळ करीत. तसा एक जुना नळ मी हातात घेऊन पाहिला. नळाच्या धडाला आरपार छिद्र असते आणि त्यात आडवी बसवलेली खुंटी असते. खुंटीलाही छिद्र असते. ती फिरवून दोन्ही छिद्रे समोरासमोर आली की धार सुरू होते, पाव वळसा पुढे गेली की थांबते. खुंटी इतकी नेमकी बसली पाहिजे की थेंबही गळता कामा नये. आपल्याकडच्या पांगाऱ्यासारखे हलके लाकूड येथे चालणारच नाही. त्यासाठी बॉक्सवूड या झुडपाचे लाकूड वापरत, जे अतिशय सावकाश वाढते आणि म्हणूनच हस्तिदंतासारखे घट्ट व गुळगुळीत असते. हे झुडूप गावामागच्या चुनखडीच्या उतारांवर आपोआप उगवते.

आता एवढे नळ लागत कोणाला, याचे उत्तर कड्याखालच्या नदीत आहे. काओरच्या परिसरातली गडद लाल वाइन पिंपांत भरून सपाट तळाच्या होड्यांतून लोत आणि पुढे गारोन नदीमार्गे बोर्दो बंदरापर्यंत जात असे. प्रवाहाविरुद्ध होड्या परत आणायच्या, तर काठावरून दोराने ओढाव्या लागत. बूझिये गावाजवळ जिथे कडा थेट पाण्यात उतरतो, तिथे एकोणिसाव्या शतकात होड्या ओढणाऱ्यांसाठी कडा कोरून वाटच काढली आहे. डोक्यावर खडकाचे छत, एका बाजूला खडकाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला नदी, अशी ही वाट चालताना हात भिंतीवरून फिरवला, तर टाकीचे घाव बोटांना लागतात. पुढे द्राक्षबागांवर फिलॉक्सेरा कीड पडली, मालवाहतूक रेल्वेने होऊ लागली आणि नदी शांत झाली. तिच्याबरोबर पिंपे गेली आणि कातारी लोकांचे काम आटत गेले. बूझियेपासून या वाटेने निघून शेवटी चढ चढून गावात प्रवेश करावा, अशी माझी प्रत्येक प्रवाशाला आग्रहाची विनंती आहे. वाहनतळावरून उतरून पाहिलेले गाव आणि नदीकडून चढून पाहिलेले गाव यांत फार अंतर आहे.

गावाच्या वरच्या अंगाचा पठारी मुलूख फ्रेंच लोक ‘कोस’ म्हणून ओळखतात. कोकणी वाचकाला तो एका शब्दात सांगायचा, तर तो सडाच आहे, फक्त जांभ्याऐवजी चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी दगडातून झिरपून खाली गुहांत जाते आणि वर ओढेच राहत नाहीत. म्हणून मेंढ्यांना पाणी मिळावे यासाठी खडकात छोटी तळी खोदलेली आहेत. शेतांच्या कडेने चुन्या-मातीशिवाय रचलेले दगडी गडगे मैलोन् मैल पसरलेले आहेत आणि त्याच पद्धतीने रचलेल्या, माथा दगडानेच मिटवलेल्या गोल झोपड्या मधूनमधून दिसतात. खुरटे ओक, जुनिपर, त्यांच्या सावलीत उभ्या असलेल्या पांढऱ्या मेंढ्या. या स्थानिक जातीच्या मेंढीचे कान काळे आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असतात, जणू चष्माच लावलेला आहे. 1999 पासून हा सारा प्रदेश प्रादेशिक निसर्ग उद्यान म्हणून घोषित आहे. येथे रात्रीचा अंधारही जपला जातो. एका रात्री आम्ही बाहेर उभे राहिलो, तेव्हा आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसली की लहानपणीच्या अंगणाची आठवण झाली.

याच सड्याच्या पोटात, गावापासून काही किलोमीटरवर, पेश-मेर्ल गुहा आहे. 1922 साली दोन किशोरवयीन मुलांनी ती शोधली. तिच्यातले ठिपक्यांचे दोन घोडे सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे आहेत. घोड्यांभोवती हातांचे ठसे आहेत, म्हणजे भिंतीवर हात ठेवून त्याभोवती रंग फुंकल्यावर उरलेली कोरी आकृती. माझ्या तळहाताएवढाच तो हात होता, आणि त्यापुढे मला काही वेळ बोलता आले नाही. कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही स्तब्धता समजेल. येथे दिवसाला केवळ 700 प्रेक्षकांना प्रवेश मिळतो, कारण माणसांच्या श्वासाने गुहेतली हवा बदलते आणि चित्रांना धोका पोहोचतो. आधी आरक्षण न करता गेलेल्यांना उन्हाळ्यात दारातून परतावे लागते, हे आपल्या लेखात यायला हवे होते.

दोन तासांचा सल्ला देण्यामागे घाईचा कार्यक्रम असतो, हे मी जाणतो. आणखी एका सहलीत, एका प्रवास कंपनीबरोबर, मीही एक गाव पंचावन्न मिनिटांत उरकले होते आणि आज मला त्यातला फक्त वाहनतळ आठवतो. म्हणून विनंती अशी की, पुढच्या अंकात या मुलखाविषयी सविस्तर माहिती द्यावी. तुलूजहून काओरपर्यंत रेल्वे आहे, तेथून फिजाककडे जाणारी बस कड्याखालच्या तूर-द-फोर या गावी थांबते, तेथून पूल ओलांडून चढ चढला की आपण पोहोचतो. रविवारी बस फारच कमी असतात, हे आम्ही थांब्यावर अडीच तास बसून शिकलो. किमान दोन मुक्काम ठेवावेत: एक दिवस नदीच्या वाटेसाठी आणि एक सड्यासाठी. संध्याकाळी पर्यटक परतल्यावर पडक्या गढीच्या खडकावर जाऊन बसावे. तेथून लोत नदीचे वळण, काठावरच्या पॉपलरच्या रांगा आणि पलीकडचे पांढरे कडे एका नजरेत येतात.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी