बाबा, तुमची अडीच फुटी लाईन इथे सापडली

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट बोलणं झालं नाही, रेंज येत-जात होती आणि आई सारखी विचारत होती जेवलीस का, म्हणून म्हटलं सरळ बसून लिहूनच काढू. दादाला सांगितलंय प्रिंट काढून दे म्हणून, मोबाईलवर वाचू नका बाबा, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला.

तर मी आत्ता बार्बाडोसला आहे. टोरोंटोहून विमानाने पाच तास. बाबा, 2024 च्या जूनमध्ये आपण वर्ल्ड कप जिंकलो ना, सूर्याने बाऊंड्रीवर तो कॅच घेतला आणि तुम्ही रात्री साडेअकराला सगळ्या गल्लीला उठवलंत, ते ग्राऊंड या बेटावरच आहे, ब्रिजटाऊनमध्ये. पण मी राहतेय बेटाच्या दुसऱ्या अंगाला, बाथशिबा नावाच्या गावात. दुसरं अंग म्हणजे काय, अख्खं बेट 34 किलोमीटर लांब आणि 23 रुंद, आपल्या माढा तालुक्यापेक्षाही लहान. निळ्या सरकारी बसने साडेतीन डॉलरात आले (इथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक), दोन्ही बाजूंना ऊस, आणि मग एकदम उतार लागतो आणि खाली समुद्र दिसतो. मला क्षणभर बार्शीकडून येतोय असंच वाटलं त्या उसामुळे, खरंच सांगते.

हॉटेल अगदी साधं आहे. जुनं, समुद्राला चिकटून, खाली कोळ्यांच्या होड्या लागतात. टीव्ही नाही, एसी नाही, वर पंखा, पलंगाला मच्छरदाणी, खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची दारं, त्यातून वारा रात्रभर आत येतो. जमीन लाकडी, चाललं की करकरते. खारी हवा इतकी की बिजागऱ्या, कड्या सगळ्याला गंज. आई तू असतीस तर आधी फडकं घेऊन बसली असतीस. पण चादरी इतक्या स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या, तो वास येतो ना तसा. अंधार पडला की बारीक बेडूक शीळ घालायला लागतात, नखाएवढे बेडूक पण आवाज असा की पहिल्या रात्री मी उठून खिडकीत जाऊन बघितलं कोण शिट्टी मारतंय.

समुद्र आपल्या देवगडसारखा नाही आई. हा अटलांटिक, समोर थेट आफ्रिकेपर्यंत जमीनच नाही, त्यामुळे लाटा फार मोठ्या. किनाऱ्यावर घराएवढे प्रवाळाचे दगड पडलेत, लाटांनी खालून खाऊन खाऊन त्यांची बुडं बारीक झालीत, अळंबीसारखे दिसतात. जगभरातून सर्फिंगवाले येतात पण पोहायला कोणी जात नाही, ओढ फार आहे. गावातल्या बायका दगडांच्या मधल्या डबक्यांत बसून अंग शेकतात, मीही तेच करते, गुडघ्याच्या पुढे गेले नाहीये, शपथ. काळजी करू नकोस.

आता बाबा, तुमच्यासाठी. हे नीट वाचा.

पहिल्या दिवशी जेवायच्या खोलीत भिंतीवर एक जुना फोटो दिसला, आगगाडीचा. चिमुकलं इंजिन, मागे डबे, एका बाजूला हाच समुद्र. मी तिथल्या मावशींना विचारलं (साठीच्या असतील, सगळं हॉटेल त्याच बघतात), त्या म्हणाल्या अगं इथूनच जायची ना गाडी, ब्रिजटाऊनची माणसं रविवारी हवा खायला गाडीने यायची. 1881 मध्ये सुरू झाली, मुख्य काम ऊसमळ्यांची साखर बंदरात न्यायचं. मी सहज गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आई) विचारला, तुमची मुलगी म्हटल्यावर विचारणारच. तर म्हणाल्या आधी साडेतीन फूट होतं, मग 1898 ला सगळी लाईन उखडून अडीच फुटी केली. अडीच फूट म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. खोलीत येऊन शोधत बसले, आणि बाबा, ते काम कोणाच्या सल्ल्याने झालं माहितीय? काल्थ्रॉप साहेब! आपली बार्शी लाईट रेल्वे बांधणारा इंजिनिअर काल्थ्रॉप! 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली आणि दुसऱ्याच वर्षी हे.

मी खरंच रडले. एकटीच होते खोलीत. लहानपणी तुम्ही मला तुमच्या रेल्वे वर्कशॉपच्या गेटवर उभं करून सांगायचात, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांच्या वर भार टाकायचा नाही, सगळ्यांवर सारखा वाटायचा, म्हणून हलक्या रुळांवरून एवढा माल जातो, त्या साहेबाचं डोकं बघ. मला तेव्हा काही कळायचं नाही, मला फक्त चिंचा पाहिजे असायच्या. इतक्या वर्षांनी कुठल्या कुठे समुद्राकाठी बसून ते सगळं आठवलं, आवाजासकट.

पण इथली गाडी टिकली नाही. किनाऱ्याला लागून लाईन, लाटा भराव खाऊन जायच्या, रूळ गंजायचे, पैसा कधीच पुरला नाही, शेवटी 1937 ला बंद. आपली मात्र पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली, शंभर वर्षं वारकरी टपावर बसून नेले तिने. ब्रॉडगेज झालं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात आणि मी फोनवर म्हणाले होते की बाबा आता प्रवास लवकर होईल, चांगलंच झालं ना. तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं.

इथे एक चढ फार अवघड होता. लोक सांगतात गाडी चढेना की पहिल्या वर्गाचे बसून राहायचे, दुसऱ्या वर्गाचे उतरून चालायचे आणि तिसऱ्या वर्गाचे ढकलायचे. खरं असेल का हो? तुम्हीच सांगा.

आई, तुझं राहिलंच. इथे नीरफणस आहे! घराघरात झाड. भाजतात, उकडतात, लिंबू-काकडी घालून खातात आणि तुझ्यासारखी कापं पण तळतात, फक्त तांदळाचं पीठ लावत नाहीत. मी मावशींना तांदळाचं पीठ, तिखट, हळद लावून करून दाखवली, रवा मिळाला नाही. तिघीजणींनी मिळून ताटलीभर संपवली. नंतर कळलं की 1793 मध्ये एका इंग्रज कप्तानाने ताहितीहून ही रोपं वेस्ट इंडिजमध्ये आणली, कशासाठी तर मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोट भरायला काहीतरी पाहिजे म्हणून. या मावशींची खापरपणजी त्याच मळ्यांवरची. घास जरा जड गेला ते ऐकून. त्या मात्र म्हणाल्या, झाड आता आमचं आहे, खा.

आणि मक्याच्या पिठात भेंडी घालून लाकडी पळीने घोटून घोटून एक प्रकार करतात, कूकू म्हणतात, दिसायला थेट आजीच्या ज्वारीच्या कण्या, वर उडत्या माशाचं कालवण. काटे इतक्या सफाईने काढतात की बघत राहावं. आई, तू लग्न करून माळकऱ्याच्या घरात आलीस आणि मासा सोडलास, कधी बोलली नाहीस, पण देवगडला गेलो की मामीच्या चुलीजवळ उभी राहायचीस ते मी बघितलंय. ते मासे खाताना तुझीच आठवण येत होती सारखी. डिसेंबरमध्ये मी येते आणि आपण दोघी आठ दिवस देवगडला जाऊ, बाबांचं जेवण दादा बघेल. ठरलं. नाही म्हणू नकोस.

शनिवारी सकाळी मी त्या जुन्या लाईनवरून चालत जाणार आहे, बाथ नावाच्या जागेपर्यंत. रूळ केव्हाच गेले, पण पायवाट त्याच भरावावरून जाते असं सांगतात. सगळे फोटो काढते. रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेपाचला फोन करेन, इथे तेव्हा सकाळचे आठ. बाबा, तुमची ती वर्कशॉपची निळी वही कपाटातून काढून ठेवा, अ‍ॅक्सलचे आकडे आहेत ती. मावशींना दाखवायचंय. त्यांचे आजोबा याच गाडीवर फायरमन होते.

तुमची,
चिमी